दुभाष्याविना

आजोबा, तुम्ही गेलात. दाखल्यावर मूत्रपिंडांचा उल्लेख असेल, कदाचित हृदयाचाही. त्यांच्यामागे उभी असलेली साखर आणि साखरेच्याही मागे उभं असलेलं एकटेपण त्या कागदावर मावणारं नाही. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्या वाट्याला जे आलं ते आमच्याही आईवडिलांच्या दाराशी येऊन उभं आहे.

व्हिएतनामबाहेर सर्वांत जास्त व्हिएतनामी माणसं ज्या शहरात राहतात, त्या सॅन होजेत तुम्ही आमचे शेजारी होतात. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं. त्या आठवड्यात काही जण विमानांनी निसटले, काही जहाजांनी. पुढची कित्येक वर्षं माणसं होड्यांत बसून समुद्रात शिरत राहिली, आणि त्यांतली किती तरी किनाऱ्याला लागलीच नाहीत. तुम्ही हरलेल्या सैन्यातले, मागे राहिलेले. 'पुनर्शिक्षणा'च्या नावाखाली छावणीत डांबलेले. अशा छावण्यांत तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ काढलेल्यांना अमेरिकेत येता यावं, असा करार 1989 साली दोन्ही देशांत झाला, आणि त्या लाटेबरोबर तुम्ही आलात. पन्नाशी उलटून गेली होती. ज्या वयात माणूस अंगणात खुर्ची टाकून बसतो, त्या वयात तुम्ही कारखान्यात सर्किट बोर्डांवर बारीक बारीक भाग जोडत बसलात. दहा वर्षांच्या कामाची नोंद झाली की पासष्टीनंतर मेडिकेअर या सरकारी योजनेतला रुग्णालयाचा विमा हप्त्याशिवाय मिळतो. ती दहा वर्षं तुम्ही भरलीत. विम्याचं कार्ड तुमच्या खिशात होतं, आजोबा. कार्ड नाही म्हणून तुम्ही गेला नाहीत.

साखर निघाली तेव्हा तुमच्या हातात आहाराचा एक कागद दिला गेला होता. अर्धं ताट भाज्या, पाव ताट भात. छापील, रंगीत, इंग्रजी. ज्यानं छावणीत कसाव्याच्या तुकड्यांवर दिवस काढले, मूठभर भातासाठी रात्र जागून काढली, त्याला भात कमी करा म्हणून कुणी कसं सांगावं? सांगायलाच हवं होतं. पण आधी त्याची भूक ऐकून घ्यायला हवी होती. बाहत्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन जगलेली आमची माणसं मी पाहिली आहेत. पानात अन्न टाकणं त्यांना आजही जमत नाही. डॉक्टर रागावले तरी ती शेवटचा घास संपवतात. त्यांच्या ताटापुढे बसलं की तुमचा काठोकाठ भरलेला भाताचा वाडगा मला समजतो.

तुम्ही सडपातळ होतात. या चणीच्या माणसाला साखर कुठून होणार, असं तुम्हालाही वाटलं आणि तपासणाऱ्यांनाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवून दिलं, की वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात आत चरबी दडलेली असते, अगदी नवजात बाळाच्या अंगातही. आशियाई शरीरांना साखर कमी वजनावरच गाठते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं आशियाई लोकांसाठी तपासणीची वजनरेषा, म्हणजे बीएमआय, 25 वरून 23 वर आणली ती 2015 मध्ये. तोवर तुमच्यासारखी किती बारीक माणसं तपासणीच्या जाळीतून निसटून गेली असतील.

कुंपणाला लागून तुमचा कारल्याचा मांडव होता. दर उन्हाळ्यात आमच्या दारात कारल्यांची पिशवी यायची. तुमच्या घरी खिमा भरलेल्या कारल्याचं पातळ सार व्हायचं, आमच्याकडे गूळ-चिंच घालून भाजी. कारल्यानं साखर उतरते ही श्रद्धा तुमचीही होती, आमचीही. आणि डॉक्टरी गोळी अंगात उष्णता करते, हा समजही दोघांचा. म्हणून बरं वाटलं की तुम्ही गोळी निम्मी करायचात, कधी थांबवायचात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी दर वेळी चढी यायची. डॉक्टर गोळी वाढवायचे, तुम्ही पुन्हा कमी करायचात. या दोन माणसांत भांडण नव्हतं, संवादच नव्हता.

मधे बसलेली असायची तुमची नात. बारा वर्षांची पोर. आजोबांना लघवीला किती वेळा उठावं लागतं हे तिनं विचारायचं, पायात आग होते हे तिनं सांगायचं. सांगताना ती लाजायची आणि तुम्ही गप्प व्हायचात. मला भीती वाटते, हे वाक्य आजोबानं नातीच्या तोंडून डॉक्टरपर्यंत कसं पोहोचवावं? एकदा तपासणीखोलीत मी तुमच्याबरोबर होते. डॉक्टर बराच वेळ बोलले. नातीनं दोन वाक्यांत भाषांतर केलं. तुम्ही मान हलवलीत आणि हसलात. डॉक्टरांना वाटलं, कळलं. ते हसू अदबीचं होतं, आजोबा. मोठ्या माणसाला उलट विचारू नये, ही शिकवण त्या हसण्यात होती. आमच्या घरातही तेच हसू आहे.

वाईट याचं वाटतं की कायदा तुमच्या बाजूनं होता. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयानं इंग्रजी न समजणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषी द्यायचा, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, असा इथला नियम आहे. कॅलिफोर्नियात तर 2016 पासून रुग्णानं मागितलं की औषधाच्या बाटलीवर किंवा सोबतच्या कागदावर गोळी कशी घ्यायची ते व्हिएतनामीतही छापून द्यावं लागतं. तुमच्या भाषेचं नाव त्या यादीत होतं. मागायचं असतं हेच तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि ज्यानं आयुष्यभर शिपायापुढे, पहारेकऱ्यापुढे, अर्जाच्या खिडकीपुढे मान खाली घालून दिवस काढले, त्याच्या तोंडून मागणी सहजी निघतही नाही.

पायाची आग थांबली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. ती बरी झालेली नव्हती, पाय बधिर झाला होता. सपातेत अडकलेला खडा दिवसभर टोचत राहिला आणि तुम्हाला कळला नाही. जखम चिघळली, बोट गेलं, मग मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसची खुर्ची. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचा खर्च मेडिकेअरनं उचलावा, वय पासष्ट नसलं तरी, असा कायदा अमेरिकेनं 1972 सालीच केला. मोठी गोष्ट आहे ती, असंख्य जीव त्यानं तगले. विम्यातलं कुठलंही इन्सुलिन आता मेडिकेअरवाल्यांना महिन्याला 35 डॉलरांहून महाग पडत नाही, 2023 पासून. शेवटच्या खुर्चीसाठी पैसा आहे, औषधासाठी आहे. वीस वर्षांपूर्वी तुमच्याजवळ बसून तुमच्या भाषेत अर्धा तास बोलणाऱ्या माणसासाठी तो पुरला नाही.

आपल्या सॅन होजेत स्टोरी रोडवर व्हिएतनामी डॉक्टर आहेत, फार्मसी आहेत. मूत्रपिंडांच्या तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या खाटेवर पोहोचलं की मात्र पुन्हा इंग्रजीच. जिथं असा रस्ताच नाही, त्या गावांतल्या तुमच्या पिढीचं काय होत असेल? मार्च 2025 मध्ये इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश निघाला आणि सरकारी खात्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांना मदत करावी हा 2000 सालचा आदेश रद्द झाला. आरोग्य कायद्यातला दुभाष्याचा हक्क अजून शाबूत आहे. पण वारं कुठल्या दिशेनं वाहतंय, ते दिसतं.

आता हे आपल्या लोकांसाठी. ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना इथं कामाची नोंद नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं. तोवर पुण्याहून, नाशकाहून आणलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खाल्ल्या जातात. विचारलं तर उत्तर एकच, 'बरं आहे, काही होत नाही.' त्या उत्तरावर विसंबू नका. रात्री त्यांचे तळपाय स्वतः हातात घेऊन बघा. वर्षातून एकदा डोळ्यांची, लघवीची आणि पायांची तपासणी करून घ्या. तपासणीला बरोबर जा, पण दुभाषी तुम्ही होऊ नका, मुलांना तर मुळीच करू नका. भेटीची वेळ ठरवतानाच मराठी दुभाषी मागा. फोनवरचा मिळेल, पडद्यावरचा मिळेल, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि शेजारी कुणी म्हातारं माणूस डॉक्टरपुढे नुसतं हसून मान हलवत असेल, मग ते व्हिएतनामी असो की तेलुगू, तर त्याच्या वतीनं हे एक वाक्य तुम्ही उच्चारा: यांना यांच्या भाषेत सांगा.