पिस्तूल रिकामं करताना

पहिलं पिस्तूल घेणारा माणूस सेफ्टीचा विचार एकाच प्रसंगापुरता करतो: धोका समोर आला, तर खटका खाली करायचं सुचेल का? तो प्रसंग बहुतेक परवानाधारकांवर कधीच येत नाही. नेहमी करावं लागतं ते भरणं, रिकामं करणं, पुसणं, कपाटात ठेवणं, निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यात जमा करणं. आणि नकळत गोळी सुटण्याची भीती याच कामांत असते. म्हणून पहिल्या पिस्तुलाची सेफ्टी ते रिकामं करताना काय करते, यावरून तोलावी, असं माझं मत आहे. आपल्याकडे तर ही निवड आणखी जपून करायला हवी. 9 मिलिमीटर सामान्य नागरिकाला निषिद्ध, म्हणून बहुतेक जण .32 कडे वळतात. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात. पहिलं पिस्तूल बरेचदा शेवटचंही ठरतं.

या कसोटीवर नावाजलेल्या रचनाही वेगळ्या दिसू लागतात. ब्राउनिंगच्या 1911 मॉडेलमध्ये अंगठ्याशी एक खटका आणि मुठीच्या पाठीला दुसरी सेफ्टी. खटका वर केला की हॅमर चढलेलाच राहतो, पण स्लाइडही अडकते. चेंबरमधलं काडतूस काढायचं, तर आधी सेफ्टी काढा! हात सगळ्यात जास्त हालचाल करत असतात, नेमकं तेव्हाच हलक्या ट्रिगरचं पिस्तूल उघडं पडतं. 1929 च्या वाल्थर पीपीत खटका स्लाइडवर आहे; तो खाली केला की फायरिंग पिन अडते, हॅमर निर्धोक खाली येतो आणि सेफ्टी तशीच ठेवून स्लाइड मागे ओढता येते. बेरेटा 92 एफएसमध्येही हेच. ग्लॉकला बाहेरचा खटकाच नाही. ट्रिगरमधली पट्टी आणि आतले अडसर हातातून पडल्यावर गोळी सुटू देत नाहीत. पण ट्रिगर कशाने दाबला गेला, हे त्या पट्टीला कळत नाही. बोट असो की होल्स्टरमध्ये अडकलेलं सदऱ्याचं टोक, तिला सारखंच. शिवाय ग्लॉक साफसफाईसाठी खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो. चेंबर नीट पाहणाऱ्याला त्यात काही अवघड नाही, पण नवख्याची ती सवय अजून पक्की व्हायची असते.

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज फार जुना आहे. 1935 च्या ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये मॅगझिन बाहेर असताना ट्रिगर काम करत नाही. मुरलेले नेमबाज ही सोय काढून टाकतात, कारण तिच्यामुळे ट्रिगर खरखरीत होतो. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असेल. पहिल्या पिस्तुलावर मी ती खुशाल राहू देईन.

खरी सेफ्टी बोटात असते, यंत्रात नाही, असं जाणते म्हणतील. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही शस्त्र खाली ठेवताना चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून त्यात रंगीत दोरी घालावी लागते. खटक्यावर कुणी विसंबत नाही. मान्य. पण बोटाला वळण लागायला काळ जातो आणि खटका पहिल्या दिवसापासून कामाला येतो. ऐन वेळी खटका विसरला जाईल, हा दुसरा आक्षेप. पीपीसारख्या रचनेत हॅमर उतरवल्यावर खटका पुन्हा वर करून ठेवता येतो. मग पहिल्या गोळीचा लांब, जड ट्रिगर हाच अडसर होतो. अमेरिकी लष्कराने 2017 मध्ये निवडलेल्या एम17 वरही अंगठ्याचा खटका आहेच, आणि ऐन वेळी ते वापरणारेही माणसंच. खरी अडचण वेगळी आहे: पहिला ट्रिगर जड, पुढचे हलके, त्यामुळे नेम बसवायला जास्त सराव लागतो, आणि परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकीच. ही किंमत मोठी आहे. तरी मी ती मोजेन, कारण पहिली गोळी थोडी बाजूला गेली तर तो सरावाचा प्रश्न, घरात नको तेव्हा सुटली तर नाही.

दुकानात विक्रेत्याला खोटं काडतूस भरून, सेफ्टी लावून, पिस्तूल रिकामं करून दाखवायला सांगावं. त्याचा अंगठा कुठे जातो आणि सेफ्टी कधी निघते, तेवढं पाहावं. तो कंटाळला, तर दुसरं दुकान गाठावं.