घोंगडीची परीक्षा पावसात

कापड धग अडवतं ते धाग्याने कमी, धाग्यांत कोंडलेल्या हवेने जास्त. पारनेरच्या माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्याची घोंगडी चिमटीत धरली की हे बोटांनाच कळतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ. केस ताठ राहतात, दाबले तरी उसळून वर येतात आणि हवेला जागा राहते. चुलीतली ठिणगी पडली तर तेवढीच जागा करपते आणि चोळल्यावर काळा भुगा होऊन गळते. पॉलिस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटतं. वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषूनही लोकर अंगाला ओली लागत नाही, म्हणून पावसात घोंगडीची खोळ घेतात. तिची पारख भिजल्यावरच होते.

आमच्या प्रयोगशाळेतली पारख कोरड्या कापडाची असते. आयएसओ ९१५१ पद्धतीत आडव्या धरलेल्या तुकड्याला खालून चौरस मीटरला ८० किलोवॉटची आच देतात. वर १८ ग्रॅमची तांब्याची चकती असते. ती २४ अंशांनी तापायला जितके सेकंद लागतात, तो त्या कापडाचा निकाल. तुकडा त्याआधी २० अंश तापमानात आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवलेला असतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्यात दर गळीत हंगामात माणसं बॉयलरसमोर उभी आहेत, आणि त्यांच्या अंगावरचं कापड पाळीच्या पहिल्या तासातच घामाने भिजतं. पाणी हवेच्या सुमारे चोवीस पट उष्णता वाहून नेतं. हवेच्या जागी घाम शिरला की कोरड्या निकालातले सेकंद त्या माणसाच्या कामाचे राहत नाहीत.

पाणी उष्णता पिऊनही घेतं, असा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. बाहेरचा थर भिजलेला असेल तर चटका उशिरा बसू शकतो. पण ओल आतल्या थरात असली तर तिची वाफ कातडीवरच येते. म्हणजे ओल कुठे आहे यावर सगळं ठरतं, आणि कोरडी चाचणी नेमकं तेच सांगत नाही. घाम प्रत्येकाचा वेगळा, मग दोन कापडांची तुलना कशी करायची, हा दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. तुलनेसाठी कोरडा आकडा ठेवावाच. त्याशेजारी आतल्या थराला ठरलेलं पाणी देऊन काढलेला दुसरा आकडा लिहावा. तिसऱ्यासाठी तुकडा नव्या ठाणातून घेऊ नये. हंगाम संपल्यावर उतरवलेल्या हातमोज्याच्या तळव्यातून कापावा, जिथे कापड दबून चपटं झालेलं असतं आणि घामाचं मीठ पांढरं दिसत असतं.