देठाचा बंदोबस्त

उत्तम वेलावरचे जे फळ ऐन ऑगस्टात एका अहोरात्रात वीस किलोंच्या घरात वाढू शकते, त्याचा शत्रू बाहेरूनच येणार असे धरून कुंपणाची आणि पहाऱ्याची तजवीज करणारा माणूस भलत्याच दारावर चौकी बसवतो. कारण या भोपळ्याला खरे भय असते ते स्वतःच्या वाढीचे. नोव्हा स्कोशियातील विंडसरच्या हॉवर्ड डिल यांनी ज्याच्या बळावर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले, त्या ‘अटलांटिक जायंट’ वाणाचे बी मीही येथे ऑन्टारिओत लावतो. (त्याच विंडसरात १९९९ साली लोक पोखरलेल्या भोपळ्यांत बसून तळ्यात वल्ही मारू लागले, हे ऐकले की लेकीकडे निघालेली आपली म्हातारी आठवतेच.)

सारा कारभार देठाशी. देठ वेलाशी लघुकोन करून असला, तर फळाचे खांदे फुगताच ते वेलाला रेटतात आणि देठ मुळाशी फाटतो. म्हणून फळ चेंडूएवढे असतानाच, रोज बोटभर वळवीत, देठ काटकोनात आणावा लागतो. हे काम दुपारी कलत्या उन्हात, वेल मलूल असताना करावे. सकाळी तो पाण्याने टरारलेला असतो आणि काचेसारखा मोडतो. इतरत्र ज्या पेरांवर मी माती ओढून मुळ्या धरू देतो, त्याच मुळ्या फळाच्या दोन्ही अंगांना हात-दीड हातापर्यंत निर्दयपणे तोडतो, कारण फळ उंचावेल तसा वेलालाही उठायची मुभा हवी. खाली वाळूचा थर असतो; तिच्यातून पाणी निचरते आणि वाढते बूड न अडखळता सरकते. वर पांढरी चादर असते. उन्हाने साल निबर झाली आणि मागाहून पावसाने वाढीला उधाण आले, की ती ताणाला दाद न देता उकलते.

सप्टेंबरातील मोठ्या पावसानंतर मी प्रथम देठाभोवतीच बोट फिरवतो. वरवरची चीर वारा लागू देऊन कोरडी ठेवली तर निभावून जाते. ती आतल्या पोकळीपर्यंत पोचली, तर वजन कितीही भरो, पंच फळ स्पर्धेतून बाद करतात.