विषामृत आणि वृक्षासन

मल्लखांबाच्या इतिहासात नाशिक जिल्ह्याचे नाव एका आख्यायिकेने कायमचे गोवले गेले आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल येऊन त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले, तेव्हा ते स्वीकारणारे बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगगडावर अनुष्ठानास बसले आणि तेथे मारुतीने दृष्टांत देऊन त्यांना लाकडी खांबावरची ही विद्या शिकविली, अशी परंपरा आहे. दृष्टांत हा श्रद्धेचा विषय मानला, तरी एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर दोन मांड्यांच्या पकडीने तोलून पद्मासन घालणारी पोरे ज्याने पाहिली आहेत, त्याला आसन आणि खेळ यांची महाराष्ट्रात कधी फारकत नव्हती याचा निराळा दाखला लागत नाही. ही फारकत अलीकडची आहे, आणि ती मिटविणे हेच मुलांना योग शिकविण्याच्या माझ्या व्यवसायाचे मुख्य काम आहे असे मी मानतो.

नाशिकच्या पालकाला योगाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. विश्वास मंडलिक यांच्या योगविद्या धामाने येथे घरोघरी हा विषय नेला, आणि 2018 सालचा पंतप्रधानांचा योग पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा साऱ्या शहराला तो आपल्या घरचा मान वाटला. पण हाच पालक मुलाला माझ्याकडे आणतो तो बहुधा एकच तक्रार घेऊन: पोरगा एका जागी बसत नाही, त्याला बसते करा. डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून, हुकमी शांतता पाळणारे मूल त्याला हवे असते. माझा अनुभव असा की मुलाचे स्थैर्य गतीच्या पोटातच सापडते. धावण्याची मुभा काढून घेतली की जे उरते ते स्थैर्य नसून केवळ ताटकळणे होय.

स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि 1936 साली ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक प्रसिद्ध करून समूहाने, शिस्तीने आसने करण्याची पद्धत घालून दिली. शाळेच्या पटांगणात योग आला तो त्या वाटेने, आणि त्या उपकाराचे मोल मोठे आहे. तथापि पतंजलींनी आसनात स्थैर्य आणि सुख ही दोन्ही एकत्र नांदावीत अशी अपेक्षा ठेविली, आणि रांगेत उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्यांपैकी दुसरे क्वचितच येते.

म्हणून मी विषामृताचा आश्रय घेतला. ज्याच्यावर राज्य असेल तो ज्याला शिवेल त्याने ‘विष’ होऊन जागच्या जागी थिजायचे आणि सवंगड्याने ‘अमृत’ म्हणून शिवल्यावर सुटायचे, हा खेळ आपल्याकडच्या कोणत्याही मुलाला सांगावा लागत नाही. त्यास मी एवढेच पोटकलम जोडले, की थिजायचे ते वृक्षासनात, आणि सोडविणाऱ्याने शिवण्यापूर्वी समोर उभे राहून एक श्वासभर तेच आसन धरायचे. धापा टाकीत असलेले मूल तळपाय दुसऱ्या मांडीला टेकविते (गुडघ्याच्या सांध्यावर तो ठेवू नये, हे मी कटाक्षाने पाहतो), उभ्या पायाची बोटे फरशी धरू पाहतात, घोटा डावीउजवीकडे थरथरतो, आणि जोवर नजर पळणाऱ्यांच्या मागे धावत असते तोवर तोल सावरत नाही. भिंतीवरच्या एखाद्या डागावर ती ठरली, की तो थरथराट आपोआप ओसरतो. शरीराचा तोल कानाच्या आतील इंद्रिय, सांध्यांतील संवेदना आणि दृष्टी या तिघांच्या सल्ल्याने चालतो, हे मग मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. एकदा डोळे मिटून उभे राहायला सांगितले की पुरते.

श्वासाचेही तसेच. हुतूतूत चढाई करणारा गडी एका दमात घोष करीत शत्रूच्या अंगणात शिरतो, तेव्हा तो दीर्घ रेचकाचाच, म्हणजे श्वास सावकाश सोडण्याचाच, अभ्यास करीत असतो. लहानांसाठी मी भ्रामरीची साखळी करितो: गोल बसून पहिल्याने गुंजारव सुरू करायचा, त्याचा दम संपण्याच्या आत शेजाऱ्याने तो उचलायचा, आणि नाद कोठेही तुटू द्यायचा नाही. यात मूल स्वतःच्या श्वासाइतकेच शेजाऱ्याच्या श्वासाकडे कान देऊ लागते. कुंभक (श्वास रोखणे) आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोराचा श्वासोच्छ्वास) मात्र मी लहान मुलांना देत नाही, आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्या उत्साही पालकांना स्पष्ट नकार देतो.

हे खेळ घरी न्यायचे, तर घरच्या मंडळींत मला सर्वांत भरवसा वाटतो तो आज्यांचा. मंगळागौरीची फुगडी जिने घातली आहे, तिला हात धरून मागे झुकताना समोरच्याच्या वजनावर आपला तोल कसा सोपवावा हे अंगभूत ठाऊक असते. जोडीने करावयाच्या आसनांचे सारे मर्म तेवढेच. गुडघे कुरकुरत असतील तर तिने खुर्चीत बसून पंच व्हावे. वडिलांसाठी नियम असा, की आसनाचे नाव मुलाने पुकारायचे आणि बाबांनी ते करायचे. रोज हुकूम सोडणाऱ्याने घटकाभर हुकूम पाळला, तर मुलाची खेळातली निष्ठा दुणावते.

जितक्या जीवजाती तितकी आसने, असे हठयोगावरील घेरंडसंहिता हा ग्रंथ मानतो आणि त्यांतील बत्तीसांचे वर्णन करितो. मग जीवजातींकडूनच आसने का शिकू नयेत? दिवाळीनंतर गोदावरी-कादवा संगमावर नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात पाहुणे पक्षी उतरू लागतात. 2020 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थानांच्या रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थान. तेथे सहकुटुंब जावे, एका पायावर उभा असलेला बगळा आणि पाण्यात चोच फिरविणारा चमचा पक्षी स्वस्थपणे पाहावा, आणि घरी परतल्यावर प्रत्येकाने आपापला पक्षी अंगाने धरून दाखवावा. कोणाचा पाय किती वर गेला याची मोजदाद ठेवू नये. पक्षी कोणता ते इतरांनी ओळखायचे, आणि जो प्रथम ओळखील त्याची पुढची पाळी.