चाकांवरचे बिऱ्हाड

महाभारतातील यक्षप्रश्नांत एक प्रश्न असा आहे की, प्रवासात असणाऱ्याचा मित्र कोण आणि घरी असणाऱ्याचा कोण? युधिष्ठिर सांगतो की, प्रवाशाचा मित्र सार्थ, म्हणजे बरोबर चालणारा तांडा. आणि गृहस्थाचा मित्र त्याची भार्या. हे उत्तर आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे समजावून दिले. परंतु ज्याची भार्या निवर्तली, त्या गृहस्थाचा घरी मित्र कोण, असे एकाही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही.

आमचे एक बालमित्र दोन वर्षांपूर्वी विधुर झाले. ते मुंबईस चिरंजीवांकडे राहतात. सूनबाई सुशील आहेत, कशाची वाण नाही. तथापि आम्ही इगतपुरीस कितीही बोलाविले तरी ते येत ना. एकदा म्हणाले, "तुझ्याकडे येईन रे, पण उलट तुम्हां सर्वांस मी कोणाच्या घरी बोलावू?" आपल्या कुटुंबांतून आतिथ्य सारे गृहिणीच्या हातांवर चालत आले आहे. ती गेली की पुरुष घरात असूनही यजमान राहत नाही.

हल्ली निजण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली मोटारगाडी भाड्याने मिळते. या 'कॅरॅव्हॅन' पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली धोरणही आखले. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतातील क्वार्टझसाइट या लहानशा गावाभोवतीच्या वाळवंटात तर दर हिवाळ्यात अशा गाड्यांचे नगरच वसते, आणि त्यांत सेवानिवृत्त मंडळींचा भरणा मोठा असतो. आमच्याकडे वाळवंट नाही. पण घोटीवरून वळून पुढे गेले की कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर दिसते, आणि त्यापलीकडे भंडारदऱ्यास, १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणामागे, प्रवरेचे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे. गेल्या माघात आम्ही चौघे वर्गमित्र तेथे जमलो. तिघे सपत्नीक होतो. एक गाडी, दोन तंबू, आणि एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याचे मोकळे रान. हे घर कोणाचेच नव्हते म्हणूनच की काय, आमचे मित्र या वेळी निमूटपणे आले.

पहाटे थंडी अशी होती की पांघरुणातून हात बाहेर काढवेना. जाग आली तो स्टोव्हचा आवाज ऐकू आला. आमचे मित्र आले किसून चहा करीत होते. आमच्या सौभाग्यवती लगबगीने उठल्या, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही बसायचे." पुढे पोहेही त्यांनीच केले आणि प्रत्येकीस आग्रहाने वाढले. हे सर्व ते केव्हा शिकले, ते आम्हां कोणासच ठाऊक नव्हते. "मुलाच्या घरी ओट्याशी गेलो की सूनबाईंना संकोच वाटतो," एवढेच ते बोलले.

असो. गाडीचे भाडे सर्वांनाच परवडेल असे नाही, आणि त्याची जरूरही नाही. एखादी धर्मशाळाही पुरे. ज्या घरांत असा एकटा वृद्ध असेल त्या घरच्या मंडळींस आमचे इतकेच सांगणे की, त्याला सुखाने बसवून ठेवण्यातच सेवा संपत नाही. कधी ओटाही त्याच्या स्वाधीन करावा, आणि त्याचे स्नेही त्याच्याच नावाने घरी बोलवावेत.

पुढच्या माघातला दिवस आमच्या मित्रांनीच नेमला आहे. शिध्याची यादीही त्यांच्याच अक्षरात आली आहे.