अरण्यावरील आकाश

आवाज चांगला कीं वाईट, हें एकट्या कानाला विचारून ठरत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां आम्ही लातुरास विद्यार्थिदशेंत होतों. पुढें कित्येक दिवस भांडें वाजलें तरी जीव दचके. परंतु आकाशांत हेलिकॉप्टरची घरघर आली कीं बरें वाटे. कोणीतरी येत आहे, एवढाच तिचा अर्थ होता.

तशाच घरघरीनें गेल्या फाल्गुनांत आमचा विरस केला. मुंबईस पुतण्याकडे गेलों असतां त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत गेलों. तेथील कान्हेरीच्या डोंगरांत शंभराहून अधिक बौद्ध लेणीं आहेत. पायऱ्या चढून आम्ही एका रिकाम्या लेण्याच्या ओट्यावर टेकलों. समोरच्या झाडींत तांबट पक्षी आपले संथ ठोके देत होता. भिक्षूंनीं ध्यानासाठीं ही जागा कां निवडली असेल, हें आतां कोठें उमगूं लागलें होतें. तोंच वरून विमान गेलें. त्याचा आवाज ओसरतो न ओसरतो, तों दुसरें आलें.

"या विमानांनीं सारें बिघडविलें!" आम्ही उद्गारलों.

"कोणतें विमान, आजोबा?" मुलीनें विचारलें.

"बरें, तो तांबट तरी ऐकलास ना?"

"कुठला तांबट?"

विमानापेक्षां या उत्तरानेंच आम्ही अधिक अस्वस्थ झालों. विमानतळाजवळ वाढलेल्या त्या कानांनीं आपलें दार लावून घ्यावयास शिकून घेतलें होतें. आणि लावलेल्या दाराबाहेर तांबटही राहिला होता.

अमेरिकेंतील ग्रँड कॅन्यनवर विमानांची गर्दी इतकी वाढली, कीं तेथील नैसर्गिक शांतता परत मिळविण्यासाठीं १९८७ सालीं कायदा करावा लागला. पुढें तेथील उद्यानखात्यानें त्याचें माप ठरविलें: निदान अर्ध्या उद्यानांत, दिवसाचा निदान तीनचतुर्थांश वेळ, विमान ऐकूं येतां कामा नये. हें माप आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें. तक्रारी किती आल्या, हें तें विचारीत नाहीं. कारण ज्याच्या कानांना संवय झाली, तो तक्रार करीत नाहीं. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिनियमांत रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांच्या भोंवतीं निदान १०० मीटर शांतता सांगितली आहे. त्या यादींत अरण्याचें नांव नाहीं.

विमानें थांबवा, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचीं माणसेंही त्यांतूनच येतात जातात. अरण्यावरून जाणारी वाट थोडी वळवितां किंवा उंच नेतां आली, तर पाहावी, इतकेंच म्हणणें.

वैशाखांत ती मुलगी लातुरास आली. एके सकाळीं ती गच्चीवरून धांवतच खालीं आली. "आजोबा, पिंपळावर कोण ठोकतंय?"

"तांबट."

"हा मुंबईंत नसतो का?"

"असतो," आम्हीं म्हटलें.