काकांचे पाहुणे आणि प्रश्नचिन्हं

मासकॉम केलेल्या मुलीला घरचे लोक दोन कामं हक्काने सांगतात. एक, लग्नपत्रिकेचा मजकूर. दुसरं, बिघडलेला कॉम्प्युटर. पहिल्याशी माझ्या डिग्रीचा ओढूनताणून संबंध लावता येईल. दुसऱ्याशी? अजिबात नाही! पण गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या, दिवेआगरहून मावशीचा फोन आला, "अगं, काकांचे सगळे पाहुणे पुसले गेले." आता यावर काय बोलणार? लॅपटॉप पाठीला लावला, माणगावला उतरले आणि म्हसळा, बोर्ली पंचतन करत एसटीने पोचले. फ्रीलान्सिंगचा हा एक फायदा, रजेचा अर्ज कुणाला द्यावा लागत नाही.

मावशीकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. १९९७ साली दिवेआगरला सुवर्णगणेश सापडला, गावात पाहुण्यांची रीघ लागली आणि काकांनीही वाडीतल्या दोन खोल्या रंगवून घेतल्या. पुढे घरात कॉम्प्युटर आला तसा येईल त्याचा ईमेल ते लिहून घ्यायला लागले. तुम्ही म्हणाल, ईमेल? व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात? पण काकांना फॉरवर्ड्सचा तिटकारा. वर्षातून दोनदा, आंब्याच्या आधी आणि दिवाळीनंतर, सगळ्यांना एक मेल. बस्स.

या मेलची किंमत घराला कळली ती २०२० मध्ये. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या पोफळी काड्यांसारख्या आडव्या झाल्या. कित्येक दिवसांनी वीज आली तेव्हा काकांनी सगळ्या पाहुण्यांना दोनच ओळी लिहिल्या. घर उभं आहे, वाडी गेली. उत्तरादाखल बऱ्याच जणांनी पुढच्या वर्षीच्या राहण्याचे पैसे आगाऊ पाठवले. छपरावरचे आजचे पत्रे त्या पैशांतले आहेत. २०२२ मध्ये काका गेले. अ‍ॅड्रेस बुक राहिलं.

आता घोळ काय झाला ते ऐका. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती काकांच्या जुन्या मशीनमध्ये नाही. मग एका दुकानातल्या मुलाने नवी एसएसडी टाकून लिनक्स मिंट बसवून दिलं. सल्ला चांगलाच होता हं! फुकट सिस्टीम, आणि कॉम्प्युटर चहा उकळायच्या आत सुरू होतो. जुने मेलही सगळे दिसत होते, कारण ते सर्व्हरवर असतात. थंडरबर्डमधलं अ‍ॅड्रेस बुक मात्र आपल्याच मशीनवर असतं, ते मुद्दाम उचलून न्यावं लागतं. त्या मुलाने तेही नेलं होतं, सीएसव्ही फाइल करून. पण मधेच ती एक्सेलमध्ये उघडली आणि तशीच सेव्ह केली.

उघडून बघते तर काय, ईमेल पत्ते जागच्या जागी, पण नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! चारशेच्या वर माणसं, सगळी "????".

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल. मराठी नावांऐवजी तिरक्या रेघा डोक्यावर घेतलेली विचित्र इंग्रजी अक्षरं दिसली तर घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट्सचं असतं, ते सुट्टे सुट्टे वाचले गेल्यामुळे हा अवतार होतो. लिब्रे ऑफिसमध्ये फाइल उघडताना कॅरेक्टर सेटला यूटीएफ-८ निवडलं की मराठी परत येतं. खरोखरची प्रश्नचिन्हं आली असतील तर मात्र संपलं. एक्सेलच्या साध्या सीएसव्हीत मराठीला जागाच नाही, त्यामुळे अक्षरं टाकून देऊन तिथे प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्या फाइलला कितीही गोंजारा, 'ळ' होता की 'ण' हे ती सांगू शकत नाही.

"जुनी डिस्क कुठाय?" मी विचारलं. मावशीने देवघराखालच्या कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. दुकानाने ती परत दिली होती आणि मावशी तर श्रीखंडाचे डबेसुद्धा टाकत नाही!

यूएसबीची केबल लावून डिस्क जोडली. यूजर्स, अ‍ॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स. गंमत म्हणजे विंडोज जो अ‍ॅपडेटा लपवून ठेवतं तो लिनक्समध्ये सरळ दिसतो. आत एबुक डॉट एसक्यूलाइट नावाची फाइल सापडली. थंडरबर्डच्या इम्पोर्टमध्ये सीएसव्हीसारखाच एसक्यूलाइटचाही पर्याय आहे. क्लिक केलं... आणि नावं! मराठीत! हुश्श!

मी पंखा लावून बसणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "ते खालचं काय आहे गं?"

खालचा नोट्सचा रकाना मीही पाहिला नव्हता. 'श्रावणात मासे नको.' 'मुलाला पाण्याची भीती, किनाऱ्यावर एकटं सोडू नये.' 'सोलकढी दोनदा मागतात.' आणि पुण्याच्या एका आजोबांसमोर, 'सौ. गेल्या. एकटे येतात. पलीकडची खोली द्यावी, ही नको.'

मावशी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "मी दरवर्षी त्यांना हीच खोली द्यायला निघायचे. हे मधे पडायचे. कारण नाही सांगितलं कधी."

संध्याकाळी तिने मेल सांगितला, मी टाइप केला. एकदम चारशे पत्त्यांवर पाठवला तर स्पॅम समजून अडकतो, म्हणून पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून, बीसीसीत घालून पाठवला. साडेदहापर्यंत अकरा मेल परत आले, पत्ते बंद झालेले. ते अकरा डिलीट करू का म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाली, "राहू देत. नोट्स आहेत त्यांच्या."